काचेचे दिवे आणि टिकलीची प्रार्थना

टक्!

कथेकरीबाईंनी नुकताच वरचा सूर लावला होता आणि सगळे प्रार्थनाघर डोलत होते. नेमका तेव्हाच छताकडून एक निळा काचतुकडा सुटला आणि थेट व्यवस्थापकांच्या टकलावर आपटला.

"अयाई गं! कोण आहे रे तिकडे?" व्यवस्थापक ताडकन उठले.

पाठोपाठ दुसरा तुकडा आला, हिरवा. तो बाईंच्या हातातल्या झांजेवर पडला. टिंग!

"तालात पडला बघ!" ढब्बू खुदकन हसला.

"तालात कसा पडेल? दिव्याला ताल कळतो का?" शंकासुराने लगेच शंका काढली. सख्ख्या आईलासुद्धा तो "कशावरून?" असे विचारी, म्हणून घरात त्याला शंकासुर म्हणत.

सुट्टीत शंकासुराच्या आईकडे, म्हणजे मावशीकडे, आलेल्या दोघा भावंडांपैकी ढब्बू धाकटा आणि टिकली थोरली. एरवी अशा वेळी टिकली सगळ्यांत आधी फिदीफिदी हसली असती. आज ती हसली नाही. ती वर दिव्यांकडे बघत राहिली.

वर टांगलेले ते सगळे दिवे मावशीच्या कारखान्यातले होते. दिवा म्हणजे काचेचा मोठा गोळा. त्याच्यावर लाल, निळे, हिरवे काचतुकडे आणि मणी एकेक करून हाताने चिकटवायचे, आणि मधल्या फटींत पांढरे लुकण भरायचे. आत बल्ब लागला की असे वाटे, कुणीतरी फुलांचा ताटवाच पेटवून टांगला आहे! वर्षे गेली तसे काही दिव्यांचे तुकडे सैल झाले, म्हणून ते दुरुस्तीला आले होते. मावशीबरोबर आयुष्यभर काम केलेल्या नानांनी ते नव्याने जोडले, फटी भरल्या, चांगले वाळू दिले.

मग राहिली टिचकी. ही त्या कारखान्याची जुनी रीत. दिवा तयार झाला की प्रत्येक तुकड्यावर नखाने टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायचे. घट्ट बसलेला तुकडा 'टक्' म्हणतो, सुटलेला 'थप्' म्हणतो. आणि ज्याने चिकटवले त्याने टिचकी मारायची नाही! "स्वतःच्या कामाचा आवाज माणसाला गोडच लागतो," मावशी म्हणे. म्हणून टिचक्यांचे काम सुट्टीतल्या पाहुणीकडे, टिकलीकडे आले.

पहिले काही दिवे तिने अगदी कान लावून तपासले. पण तेवढ्यात बाकीचे दोघे टॉवेल खांद्यावर टाकून तळ्यावर निघाले. "येतेस की बसतेस टकटक करत?" उरलेल्या दिव्यांवरून टिकलीने नुसता हात फिरवला, "सगळे एकदम ठणठणीत, मावशी!" अशी आरोळी ठोकली आणि ती धूम पळाली.

आता व्यवस्थापक ते दोन तुकडे तळहातावर घेऊन गरजत होते. "परवा दुरुस्त झालेले दिवे हे! आम्ही तर त्यांना हातसुद्धा लावत नाही! ते नानांचे हात बघा, कसे थरथरतात. अशा हातांनी काय चिकटणार, कप्पाळ?"

नानांचे हात थरथरत, हे खरे होते. चहाची बशीसुद्धा त्यांच्या हातात वाजायची. पण काचेला बोट टेकले की ते बोट कसे स्थिर होई, हे फक्त कारखान्याला ठाऊक. नानांनी तुकडा उलटसुलट पाहिला आणि टिकलीला जवळ बोलावले.

"टिकले, तू ऐकलं होतंस ना सगळ्यांचं? सगळे टक् म्हणाले ना?"

सगळे लोक तिच्याकडे बघत होते. मावशी बघत होती. टिकलीच्या तोंडून निघून गेले, "हो."

"मग पोरीकडे बोट नाही," नाना हळूच म्हणाले. "माझंच चिकटवणं कच्चं राहिलं. मी उद्यापासून येत नाही, ताई. हात थकले."

"अहो नाना, असं काय करता?" मावशीचा आवाज चिरकला. पण नाना चपला घालून निघालेसुद्धा!

"उद्या संध्याकाळी मंडळी जमली की ठरवूनच टाकू," व्यवस्थापक म्हणाले. "हे सगळे काढायचे आणि प्लॅस्टिकचे लावायचे. ना गळणार, ना फुटणार!"

बाईंनी कशीबशी कथा आवरली आणि शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी माना लववल्या. टिकलीनेही डोळे मिटले. आणि तिने मागितले काय? 'देवा, दुसऱ्या कुणाचीतरी चूक निघू दे!'

देवाचे घर, सुरांनी भरलेली हवा, शेजारी हुंदका गिळणारी मावशी, आणि पोरीने मागावे ते हे! मागून झाल्यावर तिचे तिलाच असे वाटले, की देवाने नुसते वळून बघितले तरी आपण जमिनीत जाऊ.

सकाळी ढब्बूला पाव आणायला पाठवले, तर तो पाव आणि बातमी दोन्ही घेऊन आला.

"बेकरीवाले काका म्हणतात, नानांना आता दिसत नाही! शिंपीकाका म्हणतात, दिसतं, पण कळत नाही!"

"कशावरून म्हणतात?" शंकासुर तडकला. "बघितलंय का त्यांनी? चला, आपण बघू. नानांनी असलं कच्चं काम करणं शक्यच नाही. टिकलीनं स्वतः टिचक्या मारल्यात!"

टिकलीने हातातला पाव खाली ठेवला. "चला," ती म्हणाली. त्या दोघांना नानांना आळातून सोडवायचे होते. तिला स्वतःलाही सोडवून घ्यायचे होते, आणि ते काही सांगता येत नव्हते.

प्रार्थनाघर सकाळी झाडण्यापुरते उघडे असे. दिवे दोरीने खालीवर होत. मावशीच्या घरातली मुले ती! आधी बटण बंद केले, मग शंकासुराने दोरी सोडली आणि पहिला दिवा कमरेच्या उंचीवर आला.

टिकलीने टिचकी मारली. थप्. दुसरी मारली. थप्. तिने फटीत नख घातले, तर लुकण भिजलेल्या खडूसारखे नखात आले!

"हे बघा, मऊ आहे!"

"दुसरा काढ, दुसरा!"

दुसऱ्याची तीच गत. तिसरा दिवा तर दुरुस्तीला आलाच नव्हता, तरी तोही थपथपत होता. आणि मग कोपऱ्यातला आला. हा तर तिने कान लावून, एकेक तुकडा ऐकून तपासला होता! थप्, थप्, थप्.

टिकलीचे काळीज आनंदाने उडाले. 'म्हणजे मी नाहीच! माझ्यामुळे नाहीच!' आणि पुढच्याच क्षणी तिचे कान तापले. नाना घरी हात बघत बसले असतील, आणि आपण नाचायला निघालो!

"आत काय हलतंय?" ढब्बूने गोळ्याखाली जाऊन तो जरा कलंडवला. भस्सकन पाणी त्याच्या डोक्यावर! "ईऽऽ! दिव्याला शू झाली!"

"गप रे! पाणी कुठून आलं? छत गळतंय?" शंकासुराने वर पाहिले. छत कोरडे ठणठणीत, आणि पावसाचे तर नावही नव्हते.

टिकलीने ढब्बूचे डोके हुंगले. "साबण!"

"मी कालच लावला होता."

"तू? साबण? शक्यच नाही!" शंकासुर म्हणाला, आणि तिघे मागच्या दाराकडे धावले.

मागच्या अंगणात नळाखाली एक मोठा टब पालथा पडला होता. मोरीच्या तोंडाशी पांढरा गाळ वाळला होता, आणि त्यात चमकत होते लाल, निळे काचतुकडे आणि दोन मणी.

"कुणीतरी दिवे चक्क अंघोळीला घातलेत!" ढब्बू किंचाळला.

"पण मावशीनं तर बजावून सांगितलंय, दिवा कोरड्या मऊ फडक्यानंच पुसायचा. पाणी दाखवायचं नाही," टिकली म्हणाली. "लुकण पाणी पितं, मग तुकडा सुटतो. आणि होल्डरमध्ये पाणी गेलं तर माणूसच विजेला चिकटेल!"

"हे काम व्यवस्थापकांचंच! चला, जाऊन विचारू."

"विचारलं तर काय म्हणतील?" टिकली म्हणाली. "काल सगळ्यांसमोर म्हणालेत, हातसुद्धा लावत नाही. आज कबूल करतील? विचारायचं नाही. कौतुक करायचं!"

संध्याकाळी मंडळी जमली. कथेकरीबाई होत्या, मावशी होती. नानांनाही ती हाताला धरून घेऊन आली होती. ते मागच्या भिंतीशी खाली मान घालून बसले होते. व्यवस्थापक घसा खाकरणार, एवढ्यात तिन्ही मुले वर बघत पुढे आली.

"काय चमकतात हो!" ढब्बू म्हणाला. "आमच्या कारखान्यातसुद्धा इतके चमकत नाहीत."

"कारखान्यात नुसतं फडकं मारतात," टिकली नाक मुरडून म्हणाली. "इथं कुणीतरी जातीनं लक्ष घालत असणार. पण कोण, ते काही कळत नाही बाई!"

"झाडूवाल्या काकूंनी केलं असेल," शंकासुर म्हणाला.

"झाडूवाल्या काकू?" व्यवस्थापकांना ते काही सोसवेना. "तिला काय कळतंय? मी स्वतः करतो! दर कथेच्या आदल्या दिवशी! छान गरम पाणी घ्यायचं, त्यात भांड्यांचा साबण, त्यात दिवा पूर्ण बुडवायचा, आणि ब्रशनं असा खसाखसा..."

हात हवेत घासताघासता ते थांबले. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"हातसुद्धा लावत नाही म्हणालात ना?" कथेकरीबाईंनी विचारले.

व्यवस्थापकांचे टक्कल लाल दिव्यासारखे झाले! शंकासुराने मोरीतला गाळ आणि तुकडे कागदावर ओतून दाखवले, टिकलीने दुरुस्त न झालेला दिवासुद्धा थपथपतो ते ऐकवले. मावशी उठली. "अहो, होल्डर ओला राहून बटण लावलं असतं तर? जीव गेला असता तुमचा!" रागाने बोलताबोलता तिच्या डोळ्यांत पाणी आले. प्लॅस्टिकच्या दिव्यांचे नाव मग कुणी काढले नाही.

"शाब्बास रे पोरांनो!" कथेकरीबाईंनी मुलांना जवळ घेतले. "एका सज्जन माणसाचं नाव राखलंत. आणि ही पोर! हिनं एकेक तुकडा कान लावून ऐकला होता, म्हणूनच नानांवर आळ टिकला नाही. आज कथेत हिचंच उदाहरण देते!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टिकलीला एकेक टाळी कानाखाली बसल्यासारखी वाटली. तिने मागितले होते ते मिळाले होते! दुसऱ्याची चूक निघाली होती, अगदी पुराव्यानिशी. आता नुसते हसून मान डोलावली की झाले. कुणाला कधीच कळणार नव्हते.

बाईंनी झांज उचलली.

"नका देऊ उदाहरण!" टिकली ओरडलीच. "मी सगळे नाही ऐकले! अर्धे ऐकले आणि पळाले तळ्यावर. आणि काल नानांनी विचारलं तर... तर हो म्हटलं. मी खरं सांगितलं असतं तर नाना घरी गेलेच नसते."

टाळ्या कुठल्या कुठे विरल्या. मावशीने तोंडाला पदर लावला. ढब्बूने टिकलीचा हात धरला. नाना उठले. टिकलीला वाटले, जवळ येतील, रागावतील, निदान एक धपाटा तरी घालतील! पण ते तिच्याकडे न बघता दारातून निघून गेले.

त्या रात्री तिला जेवण गेले नाही.

सकाळी ती एकटीच नानांच्या दारात जाऊन उभी राहिली. दार उघडले.

"नाना, चुकले. कारखान्यात चला ना."

नाना उंबऱ्यातच उभे राहिले. "मला वाईट वाटलं, टिकले. व्यवस्थापकाचं नाही वाटलं. तो परका. तुझ्या शब्दावर मी माझ्या हातांना दोष दिला."

टिकलीला रडू फुटले. नानांनी ते फुटू दिले. मग चपला घातल्या. "येतो. पण सरळ रस्त्याने नाही. बाजारातून."

"का?"

"कालच्या सभेला सगळे थोडेच होते? नानांना दिसत नाही, नानांना कळत नाही, असं म्हणणारे सगळे दुकानांत बसलेत. माझं नाव मीच कसं सांगू? तू सांग."

बेकरीवाल्यांसमोर टिकलीने कसेबसे पुटपुटून सांगितले. शिंपीकाकांनी तर मशीन थांबवून, "काय? मोठ्यानं बोल!" म्हणून तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावले. प्रत्येक दुकानाबाहेर नाना उभे राहून शांतपणे आभाळ बघत. सायकलवाला हसला, भाजीवालीने "कार्टे!" म्हणून कान पिळला. शेवटी आले न्हाव्याचे दुकान. खुर्चीत कुणीतरी तोंडभर फेस लावून बसले होते.

टिकलीने डोळे मिटून घेतले आणि सगळे सांगून टाकले. "...आणि नानांचं काम एकदम पक्कं होतं. मी खोटं बोलले."

फेसातून आवाज आला, "मीसुद्धा!"

ते व्यवस्थापक होते! "नाना, मी येणारच होतो हो तुमच्याकडे. पण तोंड कसं दाखवू, म्हणून म्हटलं आधी दाढी तरी करावी."

न्हावी वस्तरा धरून हसायला लागला. नानांनी मात्र गंभीरपणे व्यवस्थापकांच्या गळ्याभोवतीचे फडके सोडले. "तोंड असंच चालेल. पलीकडची आळी राहिलीय. पोर एकटीच दमली. चला, आता दोघं मिळून सांगा."

आणि खरोखर, अर्धा गाल फेसाने माखलेले व्यवस्थापक आणि रडून नाक लाल झालेली टिकली बरोबरीने पलीकडच्या आळीत शिरले. टिकलीचे कान अजून तापलेलेच होते. पण चार पावले गेल्यावर मागून नानांचा आवाज आला.

"टिकले!"

"काय नाना?"

"तपास मात्र फार हुशारीनं केलात हं तुम्ही पोरांनी. आवाज जरा मोठा काढ, त्या कोपऱ्यावरच्या चांभाराला कमी ऐकू येतं!"