अक्षतांचे चौकोन

कराडला आम्रपाली सांगलीच्या एसटीत चढली तेव्हा सगळ्या गाडीत एकच जागा मोकळी दिसत होती. जवळ गेली तर तिथे गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर बसलेला. शेजारच्या उंच, सावळ्या तरुणाने त्याला एका हाताने धरून ठेवलं होतं.

"याचं तिकीट काढलंय मी," तो ओशाळून म्हणाला, आणि उठून स्वतःची जागा त्याने तिला दिली. "फक्त... खड्डा आला की याला जरा धरा."

कराड ते सांगली खड्ड्यांना तोटा नव्हता. ती सगळी वाट त्या गोधडीला मिठी मारून बसली, आणि तो दांडीला लोंबकळत तिच्याकडे – म्हणजे कॉम्प्युटरकडे – बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तोच तरुण तीच गोधडी घेऊन तिच्या स्टुडिओच्या दारात उभा. नाव प्रबुद्ध. साताऱ्यात कॉम्प्युटर जोडून द्यायचं काम करायचा.

स्टुडिओ नानासोंचा होता. लग्नाचं शूटिंग हा त्यांचा धंदा. एक दुकान साताऱ्यात, एक सांगलीत. नव्व्याण्णव सालची ती लग्नसराई. लोकांना आता कॅसेट नको होती, सीडी हवी होती. कॅसेटवरचं लग्न कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं आणि सीडीत मावेल असं आवळून बसवायचं, याला एन्कोडिंग म्हणत. त्याला तासन्‌तास लागत. नानासो सहा नवे कॉम्प्युटर घेणार होते, आणि त्यात प्रोसेसर कुठला घालायचा हे त्यांनी प्रबुद्धवर सोपवलं होतं. साताऱ्याच्या दुकानात पेन्टियम थ्री होता. सांगलीसाठी त्याने त्याहून स्वस्तातला सेलेरॉन आणला होता. एकाच लग्नाची तीच दहा मिनिटं दोन्हीवर चढवायची आणि घड्याळ लावायचं, एवढीच परीक्षा. सांगलीचं मशीन आम्रपाली चालवणार, साताऱ्याचं तिथल्या दुकानातली प्रियदर्शनी.

त्या दिवशी सेलेरॉनला एक्कावन्न मिनिटं लागली.

"प्रियदर्शनीनं चव्वेचाळीसमध्ये काढलं," प्रबुद्ध वहीत लिहीत म्हणाला.

त्यानंतर तो दर मंगळवारी येऊ लागला. कधी नाचाची दहा मिनिटं आणायचा, कधी वरातीची, कधी नुसती जेवणावळ. एन्कोडिंग चालू असताना मशीनला हात लावायचा नाही, म्हणून दोघं समोरासमोर बसून गप्पा मारत. तो छान बोलायचा, चहाचा कप दोन्ही हातांत धरून, तिच्या कपाळावरच्या बटेकडे बघत. आणि नेमकं सगळं जमून आलं की म्हणायचा, प्रियदर्शनी आधी बाकीचे प्रोग्रॅम बंद करते. प्रियदर्शनीचं अक्षर सुरेख आहे. प्रियदर्शनीने पंख्याचं तोंड मशीनकडे फिरवलंय.

"चहा कसा करते हो ती?" आम्रपालीने एकदा विचारलं.

"बरा करते की. का?"

"काही नाही. मशीन चालवता चालवता चहाही करते म्हणजे... हुशारच."

तो हसला, आणि ती संध्याकाळपर्यंत धुसफुसत राहिली.

पाचव्या आठवड्यात नानासो सांगलीला आले. हिशेबाचं काही नव्हतं, सहज आले होते. बोलता बोलता म्हणाले, "प्रबुद्धाच्या मामानं प्रियदर्शनीच्या घरी इचारलंय. पोरगी झ्याक हाय. आपल्याच दुकानात जमतंय, लय बरं झालं."

आम्रपालीने हातातली कॅसेट उलटी घातली, आणि ती अडकली.

सहाव्या मंगळवारी प्रबुद्धने अक्षतांचा प्रसंग आणला. लग्न आटपाडीचं. वरून सारख्या अक्षता पडत होत्या, आणि मशीनला सगळ्यात जड जातं ते हेच, कारण प्रत्येक दाणा कुठून कुठे गेला हे त्याला शोधावं लागतं. हा शोध किती बारीक घ्यायचा हे सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येत असे. दोन्ही दुकानांत ते सारखं ठेवायचं असा नियम होता. प्रबुद्ध हात धुवायला गेला, आणि आम्रपालीने ते अगदी खाली ओढलं, म्हणजे मशीन शोध वरवर उरकून लवकर मोकळं होईल.

एकोणचाळीस मिनिटं. साताऱ्याच्या पेन्टियमपेक्षाही कमी.

"सेलेरॉनवर?" त्याने घड्याळ पुन्हा पाहिलं.

"चालवणारीही बघा की जरा."

तिला वाटलं होतं, तो खूश होईल. त्याचा चेहरा मात्र उतरला. वही मिटून तो चहा न घेताच निघाला. प्रियदर्शनी हरली याचं एवढं दुःख... आम्रपालीच्या मनात आलं.

तो गेल्यावर तिने सीडी लावली. अक्षता पडू लागल्या आणि त्यांचे चौकोन झाले. नवरीचा चेहरा चौकोनांत फुटला, मागे उभ्या तिच्या आईचे डोळे तर दिसेनातच. आम्रपालीने ते तीनदा पाहिलं. या एकोणचाळीसच्या भरवशावर शनिवारी नानासो सहा सेलेरॉन मागवणार होते. पुढे मशीनं रेंगाळली की खोटा कोण ठरणार? प्रबुद्ध.

शनिवारी पहिल्या एसटीने ती साताऱ्याला गेली.

दुकानात एक चष्मेवाली, गोऱ्या गालांची मुलगी बसली होती. आम्रपालीने नाव सांगताच ती उठून उभी राहिली.

"तुमीच व्हय त्या. तुमच्या एकोणचाळीसनं चार दिवस जेवण ग्वाड लागलं न्हाई मला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "प्रबुद्ध इथं आला की आम्रपाली असं करते, आम्रपाली तसं करते. त्याच्या मामांना मी नको म्हणून सांगितलंय. दुसरीचं नाव घेत बसणाऱ्याच्या घरात मी कशाला जाऊ?"

आत नानासो आणि प्रबुद्ध होते. तिने तिघांसमोर सगळं सांगितलं आणि सीडी टेबलावर ठेवली. नानासोंनी तिला चांगलंच खडसावलं, मग बराच वेळ सीडी बघत बसले. दहा मिनिटांमागचा खरा सात मिनिटांचा फरक तीन तासांच्या लग्नाला दोन तासांवर जातो, हे प्रियदर्शनीनेच त्यांना मांडून दाखवलं. पेन्टियम घ्यायचं ठरलं.

प्रबुद्ध तिला सोडायला स्टँडपर्यंत आला. पोवई नाका ओलांडताना त्याने विचारलं.

"का केलंत?"

"तुमच्या तोंडून तिचं नाव... ऐकवत नव्हतं."

"माझं नाव गेलं असतं, आम्रपाली."

"माहितीये. म्हणून तर आले."

सांगलीची गाडी लागली. तो खिडकीखाली उभा राहिला, शर्टाच्या बाहीशी चाळा करत.

"सेलेरॉन पहिल्याच मंगळवारी हरला होता," तो म्हणाला. "एकदा मोजलं की संपलं, पुन्हा मोजायचं काही नव्हतं. नानासोंना सांगत राहिलो, अजून बघायला पाहिजे म्हणून. आणि तुम्ही एकोणचाळीस काढलेत... वाटलं, आता यायला कारणच उरलं नाही."

आम्रपालीने खिडकीच्या गजाला धरलेला हात सोडला नाही. त्याने त्याच गजावर, तिच्या बोटांना लागून, आपला हात ठेवला.

"मामांना कवठे महांकाळला घेऊन येऊ? तुमच्या घरी. मंगळवारी?"

ड्रायव्हरने गाडी चालू केली.

"मंगळवारी बाबा घरी नसतात," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा पडायच्या आत घाईने पुढे म्हणाली, "उद्याच या."