चिलखतातली भीती

ऐका ना, आधी खोली डोळ्यांसमोर आणा, नाहीतर पुढचं काहीच पटणार नाही तुम्हाला.

दातांची लॅब आहे. दवाखाना नाही हां, लॅब. डॉक्टर लोक मापं पाठवतात आणि इथे कवळ्या बनतात. पहिला मजला, खाली सायकलचं दुकान. आत शिरलं की आधी मेणाचा वास येतो, मग कसला तरी जळका, आणि थोड्या वेळाने जिभेवर प्लास्टरची पूड. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर जबडे. पांढरे, गुलाबी, अर्धे, अख्खे, सगळे आ वासून. सुसाट पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, "एवढी माणसं हसतायत, पण जोक कोणी मारला?"

सुसाट म्हणजे आमचा कुरियरवाला. दिवसभर बाईकवर पार्सलं पोचवतो, त्यावरून नाव. दुसरी सिस्टर, हॉस्पिटलात नर्स आहे, तोंडाने तिखट पण इंजेक्शन देताना कळतसुद्धा नाही. मग माझी ताई, सख्खी, आणि मी. लॅब ज्याची तो मास्तर. रविवारी दुपारी लॅब बंद असते, तेव्हा आम्ही तिथे खेळायचो.

खेळ कळला ना कुठला? अरे तोच, ज्यात प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि फासे टाकून लढायचं. मी तलवारवाली. सुसाट सरदार, डोकं कमी आणि अंगात मस्ती जास्त, म्हणजे सोंग घ्यायची गरजच नव्हती. सिस्टर तिरंदाज. ताई जादूगारीण. मास्तर खेळत नाही, तो जग चालवतो. दार उघडलं की आत काय आहे ते तोच सांगणार, आणि आपण मेलो की तेही तोच सांगणार, चहा ढवळत.

आता जादूगाराचं मुख्य काम काय, तर हत्यारं मंतरायची. साधी तलवार राक्षसावर चालत नाही, साधं चिलखत आगीत टिकत नाही. मंतरायचं तर जादूगाराने स्वतःतलं काहीतरी त्यात ठेवायचं. खेळाच्या मूळ नियमात नुसते आकडे कमी होतात. मास्तर म्हणाला, आकडे गेले तर कोणाच्या काय पोटात दुखतंय? आपल्याकडे खरं काहीतरी द्यायचं.

ताई काय कमी आहे? म्हणाली, "मी माझी सर्दी देते." पुढच्या वेळी म्हणाली, "मी सासूबाईंचे टोमणे देते, दोन तलवारी होतील."

आम्ही हसून लोटपोट. पण मास्तर नाही हसला. त्याने नियमच केला, की जादूगारीण काय देणार ते बाकीच्यांनी मिळून ठरवायचं. हात वर करून. ताईलाही एक हात. मास्तरला हात नाही. आणि समसमान पडले तर जे आहे ते तसंच राहणार. आम्हाला काय, आम्ही हो म्हटलं. ताईच सगळ्यात आधी म्हणाली, तिला वाटलं मजा येईल.

ते तो करायचा कसं, ऐका. आधी मेणाची इवलीशी तलवार कोरायचा, नखाएवढी. ती ताईने मुठीत धरायची, ऊब लागून मेण जरा सुटेपर्यंत, आणि काय देतेय ते मोठ्याने सांगायचं. मग ती प्लास्टरमध्ये बुडवायची आणि भट्टीत. आत मेण जळून जातं, त्याच्या जागी पोकळी राहते, पोकळीत धातू ओततात. दातांच्या टोप्या अश्शाच बनतात म्हणे. प्लास्टर फोडलं की आत चकाकती तलवार. माझी सोंगटी म्हणजे पटावरची इवली पुतळी, तिच्या हातात बरोबर बसायची.

माझ्या तलवारीसाठी सिस्टरने सुचवलं, "हिची गोडाची चव घ्या. वजन तरी उतरेल." सगळ्यांचे हात वर.

भट्टी निवल्यावर चहा झाला. ताईने एक घोट घेतला आणि मला म्हणाली, "साखर विसरलीस होय गं?"

मी म्हटलं, काय ॲक्टिंग करते! सुसाटने तिच्या तोंडात चॉकलेट कोंबलं. तिने चावलं, थोडा वेळ चावत राहिली, आणि हळूच कागदात काढून ठेवलं. म्हणाली, "मेण आहे हे."

घरीसुद्धा तेच. बिट्टी, म्हणजे तिची लेक, बालवाडीत जाते, ती आपला उष्टा पेढ्याएवढा केकचा तुकडा आईच्या तोंडात घालायची आणि विचारायची, "गोड्डं?" ताई म्हणायची, "हो बाळा." आणि माझ्याकडे बघायची. मी दुसरीकडे बघायचे.

मग सुसाटचं चिलखत. त्याला मी सुचवलं, शीळ. ताई शीळ काय घालायची माहितीये? लहानपणी आई ओरडायची, मुलीच्या जातीला शोभत नाही म्हणून, आणि ही जिन्यावरून उतरताना अख्खं गाणं वाजवायची. हात वर. ताईचा नव्हता या वेळी. पण तीन विरुद्ध एक, काय करणार? तिने मेण धरलं, सांगितलं, आणि त्यानंतर ओठांचा चंबू केला की नुसती हवा.

त्याच आठवड्यात सुसाट ट्रकखाली आला.

बाईकचा पापड झाला, मी स्वतः बघितली. हा उठला, पॅन्ट झटकली. खरचटलंसुद्धा नव्हतं. सिस्टरने त्याला हॉस्पिटलात डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याच्या जागी दुसरा असता तर मी चादर ओढली असती."

तुम्हाला वाटेल आम्ही घाबरलो. नाही! आम्ही नाचलो, अरे. सुसाटने ताईला उचलून गोल फिरवलं. कोणी विचारलं नाही तिला, की शीळ गेली त्याचं काय.

पुढच्या डावात आम्ही एका गुहेत शिरलो आणि मास्तर म्हणाला, छतातून आम्ल गळतंय. सुसाटने फासे टाकले आणि सपशेल हरला. मास्तर उठला. लॅबमध्ये धातू साफ करायचं ॲसिड असतंच. त्याने चिमट्याने ते चिलखत सोंगटीवरून उचललं आणि वाडग्यात सोडलं. फसफसलं, काळं पडलं. मग पकडीत धरून चुरा केला.

ताई बेसिनपाशी कप धूत होती. तिकडून शीळ आली.

तिची तिलाच कळली नाही आधी. मग कप तसाच सोडून ती भिंतीला टेकली आणि वाजवतच राहिली, रडत रडत. म्हणजे मोडलं की परत मिळतं, हे तेव्हा समजलं आम्हाला.

सुसाट मात्र पांढराफटक. "उद्या मला बाईक काढायचीये. मला दुसरं पाहिजे. पक्कं पाहिजे."

"मोठं द्यावं लागेल मग," मास्तर म्हणाला.

ताई म्हणाली, "मला नको आता हे."

"ताई, प्लीज ना," सुसाट म्हणाला. "तुमचं काय जातंय? मी मेलो तर चालेल का तुम्हाला?"

ताई येऊन परत टेबलाशी बसली.

मग सिस्टरला सुचलं. आणि खरं सांगते, तेव्हा आम्हाला वाटलं की केवढं चांगलं सुचलं. म्हणाली, "भीती घेऊ या हिची. भीती कोणाला हवी असते? उलट सुखी होईल." आणि ताई म्हणजे भित्री भागूबाई. भावजी जहाजावर नोकरीला, वर्षातले कितीतरी महिने घरात ही आणि बिट्टी. गॅस बंद केला का ते चारचारदा बघणार, रस्ता ओलांडताना बिट्टीचं मनगट लाल होईपर्यंत धरणार. ताई विचारात पडली, मग हसली. म्हणाली, "ही घ्या बाई. ही न्याच."

चारही हात वर.

मेण या वेळी तिच्या मुठीत खूप वेळ होतं. उघडली तेव्हा चिलखताची घडण तशीच होती, पण आतून बोटांचे ठसे उमटले होते. बाहेरून नाही, आतून. मास्तरने ते उजेडात धरून बघितलं आणि प्लास्टरमध्ये बुडवलं.

पहिले काही दिवस काय मस्त होती ती! कपाळावरची आठी गेली. गाढ झोपायला लागली. बॉसला तोंडावर सुनावलं. आई म्हणाली, पोरीला कोणाची दृष्ट लागायला नको.

मग मी तिच्याबरोबर बाजारात गेले. ती बोलत बोलत रस्त्यावर उतरली, डावीउजवीकडे न बघता. गाड्यांचे ब्रेक किंचाळले. बिट्टी मागे फुटपाथवर एकटी. मी ओरडले तर ताई म्हणाली, "काय झालं? येईल की ती."

तिच्या घरी गेले तर कढईतलं तेल पेटलं होतं आणि ती शेजारी उभी राहून कांदा चिरत होती.

आणि एकदा मी दार उघडून आत गेले, तर गॅलरीच्या कठड्यावर बिट्टी. चौथा मजला. पाय बाहेर. ताई मागे स्टुलावर बसून तिची वेणी घालत होती. हातात फक्त केस होते.

मी श्वास रोखून गेले आणि तिला कमरेला धरून आत ओढलं. बिट्टी चिडली, "मावशी, मी पक्षी बघत होते ना!" ताई म्हणाली, "अगं, घट्ट बसली होती."

"ताई, पडली असती."

"नाही पडली," ती म्हणाली. अगदी शांत. प्रेमाने म्हणाली हो, तेच तर! प्रेम होतं तसंच आहे. जीव आहे तिचा बिट्टीत. फक्त काही होऊ शकतं, हे तिला पटतच नाही.

त्या संध्याकाळी सुसाट आला, डोळे तारवटलेले. चिलखत एका डबीत घालून आणलं होतं. म्हणाला, हे वाजतं. मधूनच थरथरायला लागतं, डबीत खडखडतं, मग आपोआप थांबतं. दुपारी तर जोरात वाजलं. कधी, तर मी बिट्टीला कठड्यावरून ओढलं तेव्हाच.

"मला झोप नाही लागत याने. तू ठेव," तो म्हणाला. "पण मोडायचं नाही हां."

मी मोडायला गेलेच. मास्तरच्या हातोडीने. हातोडीला खाच पडली, चिलखताला काही नाही. ॲसिडमध्ये टाकलं, नुसतं चकाकलं. मास्तर म्हणाला, "इतकं पक्कं आहे की आता जास्त हात वर झाल्याशिवाय मंतर निघायचा नाही." म्हटलं, घ्या मग मत.

घेतलं. परवाच. माझा हात वर, सिस्टरचा वर, रडत होती ती. सुसाटने हात मांडीखाली दाबून ठेवला. म्हणाला, "मी रस्त्यावर असतो. तुम्ही घरात असता."

राहिली ताई. मी तिच्या पाया पडले. म्हटलं, ताई, हात वर कर, तुझी भीती तुला परत मिळेल.

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "वेडाबाई, कशाला? मला तर काळजीचं काही दिसत नाही."

दोन विरुद्ध दोन. समसमान. मास्तरने फासे पेटीत भरले आणि जबड्यांवर फडकी टाकली.

म्हणून आले मी तुमच्याकडे. मला एक हात हवाय, एकच. नवीन कोणी खेळायला बसलं की त्याला मत मिळतं, मास्तर म्हणालाय. सोंग कुठलंही घ्या. या रविवारी फक्त यायचं, बसायचं, हात वर करायचा, बस. तोवर आईला पाठवलंय ताईकडे, ती बिट्टीला क्षणभर सोडत नाही. मोटू, तू येशील? हसू नको रे. हे बघ, हीच ती डबी, पर्समध्येच ठेवते मी. काल आई तिकडे राहायला गेल्यापासून एकदाही वाजली ना...

थांबा.

ऐकलंत?

हात लावा. लावा ना. बघा, टेबल थरथरतंय.

थांबा, फोन लावते. स्पीकरवर टाकते. उचल, उचल, उचल.

"हॅलो, ताई? आई कुठेय?"

"आई? औषध आणायला गेलीये खाली. मीच म्हटलं, जा, मी आहे ना."

"बिट्टी कुठेय?"

"आहे की समोर. वेणी घालतेय तिची. वारा काय छान सुटलाय गं आज."

"ताई, तिला धर. आत्ता. दोन्ही हातांनी धर."

"अगं रिबीन तरी घेऊ दे. आत खोलीत राहिली बघ. आणते, थांब."

कप सरकवा, डबी पडेल. केवढी वाजतेय. झाकण उडेल आता. ताई! ताई, ऐक ना!

...

थांबली.

ताई?

"हं, आले. मिळाली रिबीन. अगं, बिट्टी दिसत नाहीये इथे. असेल इथेच कुठेतरी. बोल तू, मी मोकळीच आहे."