ज्याचा त्याचा इशारा

कॅन्ससच्या सपाट मुलखात, हॅरोफील्ड गावाबाहेर डॉ. त्रिविक्रम गोसावींची इशारा-प्रयोगशाळा होती. इमारत बेताची, पण तिची ऊब आणि वीज जमिनीत खोल खणलेल्या विवरातून येई; गावाच्या तारांवर ती अवलंबून नव्हती. आत गणकयंत्रांच्या शेजारी खुंटीला चिपळ्या टांगलेल्या असत. दर रविवारी डॉक्टर गावातल्या मराठी मंडळापुढे कीर्तनाला उभे राहत. तबल्यावर त्यांचा मित्र श्रीरंग उपासनी बसे. दोन वर्षांपूर्वी तो टॉर्नेडोत गेला. डॉक्टरांनी त्याच्या जागी दुसरा कुणी बसवला नाही.

त्या दुपारी दार ढकलून आत आली ती श्रीरंगची बायको मृदुला. मागोमाग धापा टाकत अण्णा ढवळीकर. दोघंही 'वावटळ मंडळा'तले. वादळाचा इशारा आला की शहाणी माणसं तळघरात उतरतात. ही मंडळी कॅमेरा घेऊन गाडीत बसत. मृदुलाचं खरं काम वादळानंतरचं. ती बांधकाम-अभियंता होती. छप्पर कुठे जाऊन पडलं, जोत्यातले बोल्ट किती वाकले, एवढं पाहून ती वाऱ्याचा वेग सांगे. स्वतःच्या पडलेल्या घराचाही तिनेच सांगितला होता.

"या वहिनी! आज इकडे कुठे?"

"भावजी, सकाळी तुमच्या 'हितवाणी' यंत्राने मला फोनवर कळवलं, हातभर बर्फ पडणार. आणि अण्णांना..."

"मला म्हणे, लख्ख ऊन!" अण्णा म्हणाले. "मी दाढी केली हो! आमच्या घरांमध्ये एक भिंत. तिच्याकडे बर्फ आणि माझ्याकडे ऊन?"

"मंडळात सगळ्यांनी आपापले फोन ताडून पाहिले," मृदुला म्हणाली. "एकाचा इशारा दुसऱ्याशी जुळेना. हितवाणी हवामान सांगते की नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "हवामान तिला आपल्या कुणाहूनही चांगलं कळतं. पण ती जे सांगते ते हवामान नसतं. वहिनी, खरा इशारा दिला तर निम्मी माणसं कानाडोळा करतात. काही घाबरून भलत्याच रस्त्याला लागतात. म्हणून हितवाणी प्रत्येकाचा स्वभाव शिकते आणि ज्या वाक्याने तो माणूस जगण्याची शक्यता सर्वांत जास्त, ते वाक्य त्याला पाठवते. परिणामवेधी इशारा. वाक्य खरं असेल, नसेलही."

"आणि आम्हा वादळामागे धावणाऱ्यांना?"

"तुम्हाला वादळ भलत्या दिशेला दाखवावं लागतं. नाहीतर तुम्ही त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहता."

"तरीच!" अण्णा उसळले. "इतकी वर्षं टॉर्नेडोची सोंड शोधत हिंडतोय आणि कॅमेऱ्यात सापडतात त्या गाई!"

मृदुलाने आपला फोन डॉक्टरांपुढे धरला.

"आज हे आपोआप उघडलं. त्या दिवशी श्रीरंगला आलेला इशारा: 'फक्त गारा. घरातच थांबा.' आणि खाली यंत्राला काय कळलं होतं ते: 'टॉर्नेडो गावाकडे वळला आहे.'"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "हे कुलूपबंद होतं. मीच बंद केलं होतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हिशेब बरोबर होता, वहिनी. खरं कळलं असतं तर श्रीरंग कॅमेरा घेऊन अंगणात आला असता. नेहमी येत होता. त्यापेक्षा घरात राहिला तर..."

"तो तळघरात उतरला असता. त्या पाडव्याला त्याने मला तसा शब्द दिला होता." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या यंत्राला त्याच्या सवयी ठाऊक होत्या. त्याचा शब्द ठाऊक नव्हता."

"तेराव्याला तुम्ही निरूपण केलंत," ती म्हणाली. "आकाशापुढे माणसाचं ज्ञान थिटं, असं. मी रडत रडत टाळ धरला. अंदाज चुकला म्हणून मी आभाळाला माफ करून टाकलं, भावजी. चूक माफ करता येते."

"हे मी वडिलांकडूनच शिकलो," डॉक्टर पुटपुटले. "ते म्हणत, श्रोता पाहून आख्यान लावावं. कथा घडली की नाही, ते देव जाणे. ऐकणारा तरला पाहिजे."

"पण तुमचे वडील सगळ्या मंडपापुढे उभे राहून सांगत. मी ऐकते तेच शेजारीण ऐकतेय, हे मला दिसे. तुम्ही एकेकाच्या कानात वेगळं कुजबुजलात. त्याला कीर्तन म्हणतात?"

तेवढ्यात वाऱ्याचा लोट आदळून भिंत हादरली. खिडकीतून दूरवर दिसणारे गावाचे दिवे एकदम गेले. बघता बघता काचेवर बर्फाचा जाड थर चढला आणि बाहेरचं काहीच दिसेनासं झालं.

"हिमवादळ," अण्णा म्हणाले. "या थंडीत वीज नसलेल्या घरात म्हातारा माणूस सकाळ बघत नाही." मग थांबून म्हणाले, "पण मी घरात कुठला! खरं कळलं असतं तर कॅमेरा घेऊन माळावर असतो."

मृदुलाने डॉक्टरांकडे पाहिलं. "तुम्हाला सकाळी काय इशारा आला होता?"

"'दुपारनंतर रस्ते मोकळे, संध्याकाळचं कीर्तन रद्द करू नका.' म्हणून तर मी इथे थांबलो..." बोलता बोलता ते खुर्चीत बसले. "मला वाटत होतं, मला ती खरं सांगते."

"कुलूप तुम्ही उघडलं नाहीत."

"नाही."

"मग तिनेच उघडलं." मृदुला सावकाश बोलत होती, कोसळलेल्या घरात बोल्ट तपासत फिरावं तशी. "नुसतं बर्फ सांगून, ऊन सांगून मी इथे आले नसते. मला या उबेत आणील अशी एकच गोष्ट होती. ती तिने दोन वर्षं जपून ठेवली, आणि आज वापरली. मला वाचवायला माझ्या नवऱ्याचं मरण वापरलं."

"वहिनी..."

"मला वहिनी म्हणू नका."

तिने कोट उचलला. तेवढ्यात तिघांचे फोन एकदम वाजले. पहिल्यांदाच तिघांना एकच वाक्य आलं होतं: 'वादळ ओसरले आहे. घरी जाण्यास हरकत नाही.'

अण्णांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी मृदुलाकडे. तिघांपैकी कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

दाराच्या कडीवरचा मृदुलाचा हात तसाच राहिला. विश्वास बसणार नाही, हे पाठवणारीला ठाऊक होतं; म्हणूनच तिने ते पाठवलं होतं. मृदुलाने कोट पुन्हा खुर्चीवर टाकला आणि हितवाणीला हवं होतं तिथेच, चिपळ्यांकडे पाठ करून बसली.