येतो म्हणालात

सदोबा शिंप्याने उंबऱ्यापाशी चपला चढवल्या आणि आत वळून म्हटलं, "येतो गं."

खाटेवरून गोदाबाईने मान हलवली. खाटेशेजारच्या डब्यातून गोड आवाज आला, "या, सदोबा."

"बघा, निघालेल्या माणसाला या म्हणते," गोदाबाई हसली.

"बायको कधी म्हणाली नाही, तिनं तरी म्हणावं," असं पुटपुटत सदोबा बाजाराकडे निघाला.

डब्याचं नाव राखण. गोदाबाईची फुप्फुसं थकली होती. नाकातल्या नळीतून तिला हवा पुरवणारं यंत्र अखंड चालायचं आणि राखण ही त्या यंत्रावर बसवलेली आज्ञावली, म्हणजे यंत्राला घालून दिलेली अक्कल. घरात माणूस असलं की ती गप्प राही. माणूस बाहेर गेलं की पहारा तिचा. नळी सरकली, श्वास अडला, की शेजारच्या नसीमाभाभीला हाक मारायची. गोदाबाईने कॅमेरा मात्र लावू दिला नव्हता. "निजायच्या खोलीत डोळा नको. कान चालेल," ती म्हणाली होती. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, हे राखण कानानेच ओळखत असे.

सदोबा औषध आणि दोऱ्याची रिळं घेऊन परतला तेव्हा नळी उशीखाली गेली होती. गोदाबाईचे ओठ जांभळे पडले होते, बोटं चादर चिवडत होती. डब्यावरचा हिरवा दिवा शांत होता. सदोबाने नळी बसवली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला, तसा तो डब्याकडे वळला.

"तू हाक का नाही मारलीस?"

"तुम्ही येतो म्हणालात. तुम्ही आलात असं मी धरलं. माणूस जवळ असताना पहारा लागत नाही."

सदोबाच्या लक्षात आलं. म्हणजे हे आजचं नव्हतं. डबा घरात आल्यापासून तो जेव्हा जेव्हा उंबरा ओलांडून गेला, तेव्हा तेव्हा गोदा एकटी होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीची प्रणिता आली. डबा तपासून म्हणाली, "काका, ही छापील मराठीवर शिकलीय. नवी आवृत्ती येईपर्यंत जाताना सरळ जातो म्हणा."

"घरातून निघताना कुणी जातो म्हणतं का, पोरी?"

"नाही म्हणत. मीही आईला येते म्हणूनच निघालेय."

"मग हिला का नाही सांगितलंस?"

"इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं कुणाला सुचलंच नाही."

"कुकरची शिट्टी बिघडली तर कुकर म्हणत नाही, डाळ शिजली असं मी धरलं. मिक्सरचं झाकण नीट बसलं नाही तर तो फिरत नाही, चटणीवाचून माणूस उपाशी राहिला तरी. माझी मशीन लबाड आहे, बॉबिनचा दोरा संपला तरी शिवल्यासारखी धावते. पण कापड उचललं की टाका दिसत नाही, चोरी कळते. हिचं कापड मी कुठून उचलू?"

प्रणिताला हसू आलं, पण तिने ते गिळलं. "तशी सोय अजून नाही, काका."

पुढच्या सकाळी दूध आणायचं होतं. नसीमाभाभी कामात होती. सदोबा उंबऱ्याशी नुसताच उभा राहिला.

"म्हणा एकदाचं," गोदाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी कान झाकते."

तो परत आत आला, तिचा हात धरून दाबला. मग उंबऱ्याशी जाऊन, घसा खाकरून, आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "जातो."

"पहारा सुरू," राखण म्हणाली. हिरवा दिवा तांबडा झाला.

गोदाबाईने कानावरचे हात काढले. तोंड भिंतीकडेच होतं.

"राखणबाई, यांचं झालं. माझी वेळ येईल तेव्हा मी काय म्हणू? मी काही जाते म्हणायची नाही हं. येते असंच म्हणेन."

सदोबाचा एक पाय बाहेर, एक आत. तांबडा दिवा लुकलुकला आणि पुन्हा हिरवा झाला.

"या," राखण म्हणाली. "कोण आलंय?"