सात लाल थेंब

अंगणात गाडी एक. तिच्याखाली पुठ्ठा एक. पुठ्ठ्यावर लाल थेंब सात. हिमानीने ते दोनदा मोजले आणि वहीत लिहिले.

"काल संध्याकाळी ठेवला तेव्हा कोरा होता!"

"जाऊ दे ना ताई!" तिचा धाकटा भाऊ रोशन म्हणाला. "पाच वाजता भंगारवाला गाडी न्याले येऊन राहिला. आता काय मोजतं?"

"म्हणूनच! उद्यापासून वसंतकाका हिंगण्याले कसे जातील, सांग!"

शेजारच्या वसंतकाकांचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला होता. क्लच दाबता येत नसे, म्हणून ही बावीस वर्षांची ऑटोमॅटिक गाडी. पण महिनाभर तिचे गिअर उशिरा पडत होते. इंजिन नुसते गुरगुरे, गाडी मागेच राही. "गिअरबॉक्स गेला!" असा निकाल मेकॅनिक जितूभाऊंनी काल दिला होता.

"काका, एक प्रयोग!" हिमानी ओट्यावर बसलेल्या वसंतकाकांना म्हणाली. "गाडी चालू करून ब्रेक दाबून ठेवा. लिव्हर पार्किंगच्या 'पी'वरून ड्राइव्हच्या 'डी'वर घ्या. धक्का बसला की हाक मारा."

रोशनने घड्याळ लावले. चार सेकंद. परत चार. मग साडेचार!

रोशनने गाडीचा कप्पा उपसला. आत माहितीपुस्तक होते, अजून प्लॅस्टिकमध्येच! हिमानीने ते भराभर चाळले आणि एका ओळीवर बोट ठेवले. तेवढ्यात जितूभाऊ मोटरसायकलवरून आले.

"भाऊ, गिअरबॉक्सचं तेल पाहलं होतं का?"

"पाहलं ना! तेल मोजायची काडी भरून होती."

"इंजिन बंद ठेवून?"

"मंग? तेल बंद गाडीतच पाहतेत, पोट्टी!"

"ते इंजिनचं! या गाडीत गिअरबॉक्सचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना पाहायचं. बंद केल्यावर वरचं तेल खाली उतरतं, म्हणून काडी भरलेली दिसते!"

"मी वीस वर्षं झाले गाड्या पाहून राहिलो!"

"काडी भरलेली निघाली तर मी महिनाभर तुमचे पाने-पेचकस पुसतो!" रोशन ओरडला.

काका हसले. "पाहा गा जितू. पाच वाजाले अजून वेळ आहे."

दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले. जितूभाऊंनी काडी पुसली, घातली, काढली. फक्त टोक ओले होते! ते गाडीखाली शिरले. रेडिएटरजवळच्या तेलाच्या नळीची क्लिप सैल होती, आणि तिथूनच लाल तेल ठिबकत होते.

नवी क्लिप बसली. थोडेथोडे करत सव्वा लिटर तेल आत गेले. जितूभाऊ हात पुसत म्हणाले, "चुकलोच गा वसंतभाऊ. आणि पोट्टी, ते पुस्तक मले दोन दिवस दे वं!"

"आधी मी भंगारवाल्याले फोन करतो," काका म्हणाले. "बावीस वर्षांत ते पुस्तक मीही नाही उघडलं. शाब्बास, पोट्टे हो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका हिंगण्याला निघाले तेव्हा हिमानीने वहीत लिहिले :

पुठ्ठ्यावर थेंब : शून्य. 'पी'वरून 'डी'वर : एक सेकंद.