कोरा शब्द

सत्यजीतला यंत्रांशी बोलायची खोड होती. खांदा कॉलनीतल्या त्याच्या दुकानात कुणी बंद पडलेला कॉम्प्युटर आणला, की स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी तो त्या डब्यावर हलकेच थाप मारून विचारायचा, "काय राजे, कशाने रुसलात?" गिऱ्हाईक हसायचं. यंत्रं हसत नसत, पण बहुतेक सुरू होत.

घरीही तोच प्रकार. सात वर्षांची रुचिरा जेवायला कुरकुर करू लागली की, "एवढा घास खा, मग मागशील ते देतो," म्हणून हा मोकळा. रुचिरा मात्र शब्द लक्षात ठेवायची आणि झोपताना वसूल करायची. तिची मागणी ठरलेली. दिवा मालवून बाबाने हळू आवाजात गोष्ट सांगायची. त्या आवाजाशिवाय पोरीला झोप म्हणून लागत नसे. बायको, आभा, म्हणायची, "तुझ्या जिभेला काही हाड? एक दिवस कुणी खरंच मागायला येईल."

त्या दुपारीही तो रुचिराला शब्द देऊनच निघाला होता. अर्धी राहिलेली माकडाची गोष्ट आज पुरी करायची.

काम उरणच्या रस्त्यावरचं होतं. एके काळी तिथे मिठागरं होती. आता गोदामं आणि टॉवर. त्यांच्या मधोमध एक दुमजली घर, रंग नवाकोरा, पण अंगणात पाऊल टाकलं की सुकटीचा आणि खाडीच्या चिखलाचा वास. समोरून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर सारखे जात होते. प्रत्येक ट्रेलरबरोबर खिडक्यांच्या काचा थरथरायच्या.

दिपिकाने दार उघडलं. तिशीही गाठली नसेल तिने. कडेवर वर्षाची पोर, प्रांजल.

"दादा, कॉम्प्युटर माझ्या मिस्टरांचा आहे," ती म्हणाली. "ते गेल्यापासून सुरूच होत नाहीये. दोघांना दाखवला. फॉरमॅटचं काही बोलू नका, प्लीज. त्यात फक्त एक व्हिडिओ हवाय मला."

तिचा नवरा प्रणित कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. याच रस्त्यावर, घरी येताना, त्याची बाइक ट्रेलरखाली गेली. फोनचा चुरा झाला. प्रांजलच्या बारशाला त्याने पाळण्यात वाकून तिच्याशी गप्पा मारल्या होत्या, तेवढं एक चित्रण या कॉम्प्युटरमध्ये होतं. बाकी त्याचा आवाज कुठेच उरला नव्हता.

"हिला तो आठवणार नाही ना, दादा. निदान आवाज तरी ओळखीचा व्हावा."

सत्यजीतला गलबलून आलं. त्यालाही लेक होती.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत खिडकीशी होता. दारात प्रणितची आई, गोदूमावशी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. वर्षश्राद्ध होईपर्यंत ही वस्तू उंबऱ्याबाहेर जाणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. खिडकीच्या कठड्यावर एक स्टीलची ताटली होती. तिच्यात भात आणि भाजलेला सुका बोंबील.

"हे कुणासाठी, मावशी?"

"कावल्यासाठी." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "दहाव्याला शिवला नाय ना. आमी सगल्यांनी शब्द दिले. पोरीला शिकवू म्हटलं. सुनेला अंतर देनार नाय म्हटलं. नाय आला. मंग भटजीनी दर्भाचा कावला करून शिववला. त्याच्या मनात काय राह्यलं, ते कललंच नाय. मी रोज ठेवते. भोवती फिरतात, पन शिवत नाय."

सत्यजीतने मान डोलावली आणि कामाला लागला. झाकण उघडलं, धूळ झटकली. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. सोबत आणलेला नवा पॉवर सप्लाय जोडून पाहिला. डिस्क काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉपला ती दिसेचना. बाकीचा प्रत्येक भाग सुटा तपासावा तर ठणठणीत, आणि एकत्र जोडले की मढं. पंखा हलायचा नाही, दिवा लागायचा नाही. एवढ्या वर्षांत त्याने असलं काही पाहिलं नव्हतं.

दुपार कलली. दिपिका दाराशी येऊन उभी राहायची, त्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि न विचारताच परत जायची. ते त्याला फार लागत होतं.

शेवटी त्याने सगळं पुन्हा जोडलं, हात पुसले आणि सवयीने डब्यावर थाप मारली.

"पुरे झाला रुसवा," तो हळूच म्हणाला. "काय हवंय तुला? मागशील ते देतो. एकदा उठ."

बटणाला त्याने हात लावला नव्हता.

आत पंखा फिरू लागला. आधी कुरकुर, मग एकसारखी घरघर. पडद्यावर उजेड आला. आणि तेव्हा सत्यजीतला जाणवलं, की ती घरघर इतकी स्पष्ट ऐकू येतेय कारण बाहेर रस्त्यावर एकही ट्रेलर नाहीये. काचा गप्प होत्या.

कठड्यावर टक् असा आवाज झाला. एक कावळा ताटलीत चोच घालत होता. घाई नाही, भीती नाही. माणसांपासून हाताच्या अंतरावर तो सावकाश बोंबील खात होता.

गोदूमावशी भिंतीला धरून उठल्या.

"पोरा… काय बोललास तू?"

"काही नाही, मावशी. मला आपली सवय आहे यंत्रांशी…"

"मागशील ते देतो म्हनालास." त्यांचा आवाज घोगरा झाला. "कावल्यापुढं असं बोलत नाय रे. काय देनार त्याचं नाव घ्यायचं असतं. तू कोरा शब्द दिलास. आता त्याला पायजे ते तो त्या शब्दात भरील."

सत्यजीतने ते हसण्यावारी नेलं. तेवढ्यात दिपिका धावत आली. तिने माउस हातात घेतला, फोल्डर उघडलं, आणि खोलीत एक आवाज आला. जाड, जरासा बसलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू सांडणारा.

"रडू नको गो. मी हाय ना."

पडद्यावर प्रणित पाळण्यावर वाकला होता. दिपिकाच्या कडेवरच्या प्रांजलने मान वळवली आणि पडद्याकडे हात केले. दिपिकाला हुंदका आवरेना.

"परत घे शब्द," मावशी म्हणाल्या. "कावला हाय तोवर. त्याच्याकडं बघून सांग, मी बोललो ते परत घेतलं."

तोपर्यंत सत्यजीतने पेन ड्राइव्ह लावला होता. पडद्यावर कॉपीची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. त्याने खिडकीकडे तोंड वळवलं. कावळ्याने खाणं थांबवून मान तिरकी केली, आणि पंख्याची घरघर एकदम मंदावली. पट्टी थबकली.

"दादा, नको…" दिपिकाने त्याचा दंड धरला. "बंद पडेल. कॉपी होऊ द्या आधी. तुमच्या पाया पडते, आत्ता काही बोलू नका."

तो दोघींकडे बघत राहिला. एक अक्षर बोलला असता तर सुटला असता; पण त्या पोरीचे हात अजून पडद्याकडे होते. त्याने ओठ मिटले. घरघर पुन्हा लागली, पट्टी पुन्हा सरकू लागली.

ती शेवटाला पोचली आणि कॉम्प्युटर आपोआप विझला. सत्यजीत झटक्यात खिडकीकडे वळला. ताटली लख्ख रिकामी होती. एक शीतही उरलं नव्हतं.

"मी… मी बोललो ते परत घेतलं," तो म्हणाला.

"आता कुनाला सांगतोस, पोरा," गोदूमावशी म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते भीतीचं होतं की लेक जेवला म्हणून, कुणास ठाऊक. बाहेर ट्रेलर धडधडत गेला. काचा थरथरल्या.

दिपिका पैसे देऊ लागली ते त्याने घेतले नाहीत.

स्कूटरवर येताना त्याचा घसा खवखवू लागला. रस्त्याची धूळ, दुसरं काय, त्याने मनाची समजूत घातली. घरी पोचला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आभाने विचारलं, "झालं का काम?" त्याने होकारार्थी मान हलवली. "घसा बसला वाटतं," म्हणत तिने गुळण्यांना पाणी ठेवलं. रुचिरा जेवून आधीच अंथरुणात शिरली होती, गोष्टीची वाट बघत. तिच्या खोलीतला दिवाही तिनेच मालवून ठेवला होता. त्याला बरं वाटलं. आपलं घर, आपली माणसं, उगाच घाबरलो म्हणून तो स्वतःवरच हसला.

आभा पान वाढत असताना फोन वाजला. दिपिका.

"दादा…" ती रडत होती. "व्हिडिओ लागतोय. चित्र येतंय. पण आवाज नाहीये… तो हसतोय, ओठ हलतायत, नुसते ओठ. दुपारी होता ना आवाज? आपण ऐकला ना सगळ्यांनी?"

पेन ड्राइव्हची खोट असेल, उद्या येऊन बघतो, तुम्ही काळजी करू नका, असं म्हणायचं त्याने ठरवलं.

"रडू नको गो," तो म्हणाला. "मी हाय ना."

आवाज जाड होता, जरासा बसलेला. शेवटी हसू सांडलं.

फोनवरचं रडणं तुटलं. पलीकडून लांबचा एक ट्रेलर ऐकू आला. मग फोनच्या अगदी जवळून, नुकतं बोलू लागलेल्या जिभेचा, एक शब्द आला.

"पप्पा…"

आभा हातात वाटी घेऊन तशीच उभी होती. घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी ती नवऱ्याकडे बघत होती. आतल्या अंधाऱ्या खोलीतून रुचिराने हाक मारली.

"आई, कोण आलंय गं बाहेर? … बाबा कधी येणार? मला झोप आलीय."

सत्यजीतने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि घाबरून मिटून घेतलं.