हिरवी शिडी

बसा नीट. दिवा राहू दे चालू, मला त्याची अडचण नाही.

माझा साडू पाट्या करायचा, दुकानांच्या, दवाखान्यांच्या. काम दोघांचं, त्याचं आणि माझ्या मेहुणीचं. तो शिडीवर, ती खाली. ड्रिल सुरू झालं की वरच्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून ती शिडीच्या लोखंडावर पाना वाजवायची. एक टोला, डावीकडे घ्या. दोन, उजवीकडे. तीन, बस्स, सरळ झाली. आणि चार म्हणजे हातातलं सोडा, खाली उतरा. मी एकदा विचारलं, "घरीपण वाजवतेस का गं?" तर म्हणाली, "दाजी, घरी एका टोल्यात येतात."

ती तापानं गेली. पाना माझ्या बायकोनं बहिणीची आठवण म्हणून आणला, आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवला.

साडू रडला नाही. जेवायचा, झोपायचा, कामाला जायचा. म्हणे, "काही वाटतच नाही हो. बधिर बोटाला चिमटा काढावा, तसं." शिडीवर तिच्या टोल्यांचे पोचे होते. ते दिसू नयेत म्हणून एका मंगळवारी दुपारी त्यानं सगळ्या शिडीला हिरवा रंग फासला.

त्याच रात्री एका दवाखान्याची पाटी चढवायची होती. दिवसा त्या रस्त्यावर शिडी टेकवायला जागा नसते. सकाळी नऊला दवाखाना उघडणार. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाटी लागली नाही तर पुढची कामं दुसऱ्याला. साडूनं मला विचारलं, "येता का जरा, शिडी धरायला?" मी म्हटलं, गुडघे दुखतात.

दुखत नव्हते. कंटाळा केला.

तर तो एकटाच गेला. सव्वा वाजला होता. रंग अजून ओला, हाताला लागत होता. त्यानं दोरीनं पाटी वर ओढली, एक बोल्ट बसवला. पाटी कलली होती की सरळ, वरून कळेना.

खालून एक टोला आला.

त्यानं पाटी डावीकडे घेतली. सवयच ती. मग हात थांबला.

तीन टोले.

खाली पाहिलं नाही त्यानं. मला म्हणाला, भीती नाही वाटली. काहीच नाही वाटलं. दुसरा बोल्ट बसवला. तिसरा. एकच राहिला होता...

चार टोले.

तो थांबला. ड्रिल हातात. एक बोल्ट...

पुन्हा चार. जोरात. शिडी हादरली.

तो उतरला. पाय जमिनीला लागले. खाली कोणी नव्हतं. रस्ता रिकामा. दोन पावलं मागे सरला, आणि वरच्या सज्ज्याचा कोपरा सुटून शिडीवर आदळला. शिडीची वरची पायरी वाकली. तो जिथं उभा होता, तीच.

पाटीला ओरखडासुद्धा नाही. पहाटे त्यानं दुसरी शिडी मागून आणली, चौथा बोल्ट बसवला. मग माझ्या दारात येऊन उभा राहिला. हे सगळं एका सुरात सांगितलं, जसं काही दुसऱ्याचंच. मी म्हटलं, "अरे, भास झाला असेल."

"असेल," म्हणाला.

त्याला पाणी द्यायला मी आत गेलो. पाना खिळ्यालाच होता. रात्री दाराला कडी होती, मीच लावली होती.

पान्याचं टोक हिरवं होतं. बोट लावलं... ओलं.